पुंगळीचा गळा कापायचा कशानं? केस ट्रिमर घ्यायचाय, सल्ला द्या

भुसावळ_ते_ह्यूस्टन

राम राम मंडळी.

मूळचा भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. आता बरीच वर्षं टेक्ससात आहे. इकडे एका रायफल क्लबचा मेंबर आहे आणि महिन्यातून दोन रविवार नेमबाजीत जातात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता साफ करायची, पुन्हा मापात आणायची आणि पुन्हा भरायची, याला रीलोडिंग म्हणतात. इथे ते कायदेशीर आहे, गॅरेजात बसून माझ्यासारखे बरेच जण करतात.

प्रश्न भरण्याचा नाही, त्याआधीच्या एका कंटाळवाण्या कामाचा आहे. पुंगळी वापरून वापरून लांब होते, मग तिचं तोंड कापून लांबी परत मापात आणावी लागते. हे कापायचं हत्यार म्हणजे केस ट्रिमर (केस म्हणजे पुंगळी, डोक्यावरचे केस नव्हेत). .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, कापायची २.००५ ला. .२२३ रेमिंग्टनची कमाल १.७६०, कापायची १.७५० ला. म्हणजे सगळा खेळ दहा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

सध्या माझ्याकडे ली कंपनीचं सगळ्यात स्वस्त हातकटर आहे. पुंगळी एका स्टडमध्ये आवळायची आणि तोंडात कटर घालून फिरवायचा. कटरच्या टोकाची बारीक सळई बुडाच्या भोकातून जाऊन स्टडला टेकली की कापणं आपोआप थांबतं. माप चांगलं येतं. पण .२२३ च्या पाचशे-सहाशे पुंगळ्या झाल्या की अंगठा माझा राहत नाही, सोमवारी कीबोर्डवर स्पेसबार दाबवत नाही.

क्लबात विचारलं तर तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो विल्सन किंवा फॉर्स्टर, म्हणजे टेबलावरचा छोटा हातलेथ. दुसरा म्हणतो ड्रिलमध्ये बसवायचा कटर घे, पुंगळी नुसती आत दाबायची, चार सेकंदांत काम. तिसरा म्हणतो गिरो घे, मोटरवाला, कापणं आणि तोंडाची आतली-बाहेरची धार मारणं एका दमात. त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला.

आपल्याकडे लेथवाले, टूलरूमवाले, शिवाय वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीतली मंडळी भरपूर. तेव्हा म्हटलं घरच्यांनाच विचारावं.

केळीबागवाला

शीर्षक वाचून दचकलो ना भो. मला वाटलं कुणाचा मर्डर झाला.

शंकासुर

माझा बाळबोध प्रश्न. पितळ काय रबर आहे का लांब व्हायला? आणि झाली दहा थाऊ लांब तर काय बिघडलं? केसाची जाडीच तीनेक थाऊ असते, म्हणजे तीन केसांसाठी एवढा खटाटोप?

लेथमास्तर (जळगाव एमआयडीसी)

शंकासुर, रबर नाही पण पितळ वाहतं. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. हे प्रमाण घेतात कारण ते ओढायला फार गुणी असतं. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, चिकटते. पुन्हा वापरायची तर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून बारीक करावी लागते. बाजूने दाबलं की माल कुठे जाणार? पुढे, मानेकडे. पीठ मुठीत आवळलं की वरून निघतं तसं.

आणि दहा थाऊला हसू नका. पुंगळी जास्त लांब झाली तर तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत घुसून दाबलं जातं. गोळी सुटायच्या वेळी मानेला उघडायला जागाच उरत नाही, प्रेशर वाढतं. ते तुमच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर घडत असतं.

धागाकर्त्याला एकच विचारतो. तुझ्या त्या स्टडला मागच्या बाजूला दांडा आहे का? असेल तर तो कशासाठी दिलाय असं वाटतं तुला?

वकील_धुळेकर

चर्चा रंगायच्या आधी कोरडं काम उरकून घेतो. इथले वाचक हे वाचून जळगावात प्रयोग करायला जातील म्हणून सांगतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. रायफलचा परवाना आहे म्हणून काडतूस घरी भरता येतं असं नाही.

दुसरं, धागाकर्त्यासाठी. सुट्टीत गावी येताना भाच्यासाठी कीचेन म्हणून पुंगळी आणू नकोस. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी रात्र काढलेले अशील पाहिले आहेत.

भुसावळ_ते_ह्यूस्टन

वकीलसाहेब, धन्यवाद. बॅग भरायच्या आधी रिकामी करून झटकतो, बायको हसते.

लेथमास्तर, दांडा आहे. मी तो डाव्या हाताच्या बोटांत धरतो आणि उजव्या हातानं कटर फिरवतो.

लेथमास्तर

🤦 अरे भल्या माणसा, तो दांडा ड्रिलच्या चकमध्ये धरायला दिलाय! स्टड ड्रिलमध्ये, पुंगळी स्टडमध्ये, पुंगळी फिरते आणि कटर हातात धरून फक्त टेकवायचा. पन्नास पैशांची अक्कल आणि पाचशे डॉलरचं मशीन बघायला निघाला.

केळीबागवाला

भुसावळची इज्जत गेली 😂

शिरपूरना_भाऊ

मी तं वाचीसन गुंगी गऊ भो. पुंगळी म्हणजे आम्हले फटाकानी माहित. पन भारी शे, चालू राहू द्या.

नेमबाजाची_आई

विषयाला थोडं सोडून विचारते. माझी मुलगी दहावीत आहे, दहा मीटर एअर रायफल करते. पॅरिसला २०२४ साली स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटरमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून तिला पन्नास मीटरचं वेड लागलंय. हे लोकही अशा पुंगळ्या परत भरतात का? गोळ्यांचा खर्च ऐकून छाती दडपते, म्हणून विचारलं.

अमळनेर_डॅलस

ताई, नाही. एअर रायफलला काडतूसच नसतं, नुसता शिशाचा छर्रा. आणि स्वप्निलचा प्रकार .२२ चा. त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो, पिन त्या काठावर आपटते. काठ एकदा चेपला की ती पुंगळी संपली. रीलोडिंग होतं ते बुडाच्या मध्यभागी वेगळा प्रायमर (ठिणगीची टोपी) असलेल्या काडतुसांचं, तो जुना काढून नवा बसवता येतो.

आता मूळ विषय. मीही टेक्ससातच, वर्षाला काही हजार .२२३ कापतो. धागाकर्त्या, लेथमास्तरांचा जुगाड शंभर पुंगळ्यांपर्यंत ठीक. त्यात प्रत्येक पुंगळी आवळा, सोडा, आवळा, सोडा. ड्रिलवाला कटर घे, डोळे मिटून. पुंगळीचा खांदा, म्हणजे जिथे ती निमुळती होऊन मान सुरू होते तो भाग, आत टेकतो, तिथून पुढे ठरलेल्या लांबीवर ब्लेड असतं. दाबा, घर्र, काढा. टीव्हीवर मॅच बघता बघता दोनशे होतात. विल्सन म्हणजे हौशी लोकांचं खेळणं, एकेक पुंगळी होल्डरमध्ये ठोका, कापा, ठोकून काढा. निवृत्त माणसाचं काम आहे ते.

वरणगावकर_काका

निवृत्त माणूस हजर आहे.

पुंगळीच्याच कामात उभी हयात गेली. कारखान्यातलं काही सांगणार नाही, कुणी विचारूही नये. कुठल्याही धातुकामाच्या पुस्तकात असतं तेवढं सांगतो. (आमचा कारखाना १९६४ चा, भुसावळचा त्याहून जुना, १९४९ चा. २०२१ साली ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड गेलं, कंपन्या झाल्या. आम्ही म्युनिशन्स इंडियात, भुसावळवाले यंत्र इंडियात. एका जेवणाच्या डब्यावर बसणारे दोन कंपन्यांत वाटले गेले.)

पितळेच्या पट्टीतून आधी वाटी निघते. ती वाटी साच्यातून ओढून लांब करतात. ओढलं की पितळ कडक होतं, म्हणून भट्टीतून काढून नरम करायचं, अ‍ॅसिडात धुवायचं, परत ओढायचं. गंमत अशी की ओढलेल्या नळीचं तोंड कधीच सपाट येत नाही. कुठे उंच, कुठे बसकं, त्याला आम्ही कान आले म्हणायचो. ते कान कापावेच लागतात. म्हणजे पुंगळी जन्मायच्या आधीपासून तिच्या नशिबात ट्रिमिंग लिहिलेलं आहे.

आता तुझा प्रश्न, बाळ. तू विचारतोस यंत्र कोणतं. आमचे एक जुने चार्जमन होते, जॉब वाकडा आला की कधी मशीनकडे बघायचे नाहीत. विचारायचे, “माप कुठून धरलं?”

लांबी तू मोजतोस बुडापासून तोंडापर्यंत. तुझं जुनं कटर बुडावरच टेकतं, म्हणून माप चांगलं येतं असं तू स्वतःच लिहिलंस. विल्सनमध्ये पुंगळीचं बूड मागच्या स्क्रूला टेकतं, तेही तसंच. फॉर्स्टर बुडाची कड कॉलेटमध्ये (आवळणाऱ्या पकडीत) पकडतो. ऑटोमॅटिक रायफलीतून पडलेल्या पुंगळीची कड एक्स्ट्रॅक्टरनं (पुंगळी ओढून बाहेर काढणाऱ्या आकड्यानं) वाकवलेली असली तर पकड मागे-पुढे होते आणि फरक येतो. ड्रिलवाला कटर मात्र माप धरतो खांद्यापासून. खांदा कुणी ठरवला? तुझ्या सायझिंग डायनं. डायमध्ये एक पुंगळी पूर्ण गेली, दुसरी जरा कमी गेली, तर खांदे पुढे-मागे. मग कटर कितीही चांगला असो, लांबी पुढे-मागेच येणार, आणि शिव्या खाणार कटर.

तेव्हा आधी पैसे खर्चू नकोस. डायमधून काढलेल्या वीस पुंगळ्या घे. बुडापासून खांद्यापर्यंत माप. मग ये.

अमळनेर_डॅलस

काका, आदर राखून असहमत. काडतूस चेंबरमध्ये कुठे अडतं? खांद्यावर. मग खांद्यापासून तोंडापर्यंतची मानच एकसारखी हवी. बुडापासूनच्या लांबीत तीन-चार थाऊ इकडे-तिकडे झाले तरी कमाल मापाच्या आत असलं की झालं. २.००५ ला कापा असं सांगतात ते दहा थाऊची सवलत ठेवूनच ना? मी वर्षानुवर्षं असंच करतोय, रायफलही शाबूत, बोटंही शाबूत.

वरणगावकर_काका

बरोबर आहे तुझं. मी खांदा वाईट म्हटलं नाही. खांदा धरायचा तर खांदा एकसारखा आहे का ते माहीत हवं, एवढंच. तुला माहीत आहे. त्याला माहीत आहे का?

शंकासुर

काका, दंडवत. मला पुंगळीशी देणंघेणं नाही पण ‘माप कुठून धरलं’ हे मी आमच्या बिल्डरला विचारणार आहे. कार्पेट एरिया दरवेळी वेगळा सांगतो.

चोपडेकर

यावरून आठवलं. आमच्या आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर होती. सातपुड्याच्या पायथ्याशी शेत, रानडुकरांचा त्रास. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर बंदूक भिंतीवर गेली ती गेलीच, पुढे आजोबांनी परवानाही जमा केला. माळ्यावर एक पितळी यंत्र मात्र राहिलं. टेबलाला आवळायचं, एका बाजूला फिरवायचा दांडा, दुसऱ्या बाजूला दट्ट्या. आम्हा पोरांना वाटायचं कुरडयांचा सोऱ्या आहे. एका उन्हाळ्यात आत्यानं खरंच धुवून त्यात चीक भरून बघितला. आजोबांनी जो आवाज केला तो शेजारच्या गल्लीत गेला. नंतर कळलं, जुन्या कागदी काडतुसांचं तोंड आत दुमडायचं ते यंत्र होतं.

केळीबागवाला

कुरडया झाल्या का नाही ते सांगा.

चोपडेकर

नाही झाल्या. चीक मागून आला.

लेथमास्तर

काकांच्या मुद्द्याला +१. आमच्याकडे ठिबकच्या फिटिंगचे पितळी भाग येतात, गिऱ्हाईक म्हणतं दोन थाऊत हवं. ड्रॉइंगवर माप एका टोकापासून आणि आमचा पोरगा जॉब दुसऱ्या टोकापासून धरतो. मग रात्री नऊ वाजता भांडण.

आणि व्हर्नियर कोणता वापरतोस? तीनशे रुपयेवाल्या डिजिटलवर थाऊचा हिशेब करू नकोस. बॅटरी उतरली की तो मनाला येईल ते दाखवतो. निदान एखादा ठाम मापाचा तुकडा ठेव, रोज आधी तो मोज.

पिस्तूलवाला_नाशिक

९ मिमीचं कापता का कुणी? सहज विचारतो, इंटरनेटवर बघत असतो.

अमळनेर_डॅलस

सहसा नाही. सरळ नळीची पुंगळी वाढायचं नावच घेत नाही, झाली तर थोडी आखूडच होते. शिवाय ती चेंबरमध्ये तोंडावरच टेकते, उगाच कापून अजून आखूड करण्यात अर्थ नाही. अपवाद असतात, पण तुम्ही इंटरनेटवरच बघत राहा, वकीलसाहेब बसलेत.

वकील_धुळेकर

बसलोय.

भुसावळ_ते_ह्यूस्टन

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. मध्ये आई आली होती, तिला सोडून गॅरेजात बसलो असतो तर मीच पुंगळीत गेलो असतो. येताना तिनं कळण्याचं पीठ आणि काळा मसाला आणला, दोन रविवार क्लब बुडवून शेवभाजी खाल्ली.

आता हिशेब. काकांनी सांगितल्याप्रमाणे .२२३ च्या वीस पुंगळ्या मोजल्या, बुडापासून खांद्यापर्यंत. फरक सहा थाऊ! मी समजत होतो माझं सायझिंग एकदम टकाटक आहे. कारणं शोधली तर तीन सापडली. एक, पुंगळ्या पाच कंपन्यांच्या मिसळलेल्या. काही दोनदा झाडलेल्या, काही सहादा, त्यामुळे काही कडक होऊन डायमधून निघाल्यावर परत उसळत होत्या. दोन, तेल लावताना मी कंजुषी करत होतो, कोरडी पुंगळी खांद्यापर्यंत नीट जात नव्हती. तीन, पुंगळी डायमध्ये दाबायच्या प्रेसचा दांडा खाली आला की लगेच वर, क्षणभर थांबायचं असतं ते माहीतच नव्हतं.

कंपनीप्रमाणे निवडल्या, तेल नीट लावलं, खाली आल्यावर एक-दोन मोजून मग वर. फरक दोन थाऊवर आला.

मग क्लबातल्या मित्राचा ड्रिलवाला कटर उसना आणला. आधीच्या ढिगातल्या पुंगळ्या कापल्या तर एकूण लांबीत सहा-सात थाऊचा फरक, नव्या पद्धतीच्या ढिगात दोन-तीन. कटर तोच, मी तोच. डॅलसवाले भाऊ, तुमचंही बरोबर निघालं आणि काकांचंही.

आणि मग लेथमास्तरांचा दांडा. स्टड बॅटरीच्या स्क्रूड्रायव्हरला लावला. चाळीस मिनिटांत शंभर पुंगळ्या. खूप वेगात नाही, पण अंगठा जागेवर आहे.

म्हणून .२२३ साठी सध्या काहीच घेत नाही. .३०८ च्या फक्त दोनशे पुंगळ्या आहेत, तीनशे यार्डांवर वापरतो, तिथे मला निवांत काम आवडतं. तिच्यासाठी विल्सनची ऑर्डर दिली. निवृत्त माणसाचं काम, तर निवृत्तीची प्रॅक्टिस.

अमळनेर_डॅलस

मी जिंकलो का हरलो तेच कळत नाहीये. पण बघ, हजारावर गेलास की येशील माझ्याकडेच. विल्सनचा होल्डर घेताना बघून घे, झाडलेल्या पुंगळीसाठी वेगळा आणि नव्या पुंगळीसाठी वेगळा असतो. चुकीचा घेतला तर पुंगळी डगडगते.

नेमबाजाची_आई

मुलीला अख्खा धागा वाचून दाखवला. ती म्हणते दहा मीटरच बरं, छर्रा टाकायचा आणि मारायचा.

वरणगावकर_काका

छान मोजलंस बाळा. एक राहिलंच. लांबी वाढली म्हणजे पितळ कुठून तरी गेलं. ते जातं बुडाच्या थोडं वर, तिथली भिंत पातळ होत जाते. तू पुढून कापत राहशील आणि मागे ती झिजत राहील. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून भिंतीवर फिरव. त्या जागी खाच लागली की पुंगळी भंगारात, मोह नको. आणि कुठली पुंगळी किती वेळा कापली ते डब्यावर लिहीत जा. सहा वेळा झाडलेल्या म्हणतोस, त्यांच्यापासून सुरुवात कर.

आणि हो, कापल्यावर तोंडाची धार आतून-बाहेरून मारतोस ना? कशानं?

भुसावळ_ते_ह्यूस्टन

काका, आताच बघितल्या. सहादावाल्या एकतीसपैकी चार पुंगळ्यांत खाच लागली. पक्कडीनं तोंड चेपून भंगाराच्या डब्यात टाकल्या.

धार हातानंच मारतो. ते छोटं दोन टोकांचं चॅम्फर टूल असतं ना, ते.

लेथमास्तर

त्यालाही मागे दांडा आहे का बघ.

केळीबागवाला

😂😂 त्यासाठी वेगळा धागा काढा भो, इथे पान संपलं.